लिव्याच्या वाळूत निर्जला एकादशी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या ताईंचा फोन आला. "काका, दहा पॉइंट्स द्या. लिव्याला रोड ट्रिपला जाताना कुठल्या मिस्टेक्स टाळायच्या. शॉर्टमध्ये हं, लोक मोबाइलवर वाचतात." मी हो म्हटलं आणि वही उघडून बसलो. तीन दिवसांत चार मुद्दे झाले आणि ते वाचून मलाच जांभया आल्या. शिवाय मनात आलं, असे मुद्दे वाचून माणसं चुका करायची थांबली असती तर माझ्या मुलीचं इंजिनिअरिंग कशाच्या जोरावर झालं असतं? एकोणतीस वर्षं मी इथे, अमिरातीत, दुसऱ्यांच्या चुकांवर जेवलो आहे. तेव्हा यादी नको, जे आठवतं ते लिहितो. त्यातली सगळ्यात मोठी चूक माझी स्वतःची आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी रिकव्हरीवर होतो. आपल्याकडे हा शब्द काढला की बँकेची माणसं दारात उभी राहिल्यासारखं वाटतं. लग्नाच्या बोलण्यांत माझ्या सासऱ्यांनाही तसंच वाटलं होतं आणि स्थळ हातचं जाता जाता राहिलं. इकडे रिकव्हरी म्हणजे बंद पडलेली, ठोकलेली, रुतलेली गाडी उचलून आणणारी गाडी, आणि ती चालवणारा माणूसही रिकव्हरीच. मी लांज्याकडचा. आयटीआय करून शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका मल्याळी मालकाच्या यार्डात लागलो तो तिथूनच निवृत्त झालो. यार्डात सपाट पाठीचे तीन ट्रक होते आणि वाळूत जाण्यासाठी एक फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी, पिकअप. पिकअप माझ्याकडे. आठवडाभर शहरातल्या गाड्या उचलायच्या आणि सुट्टीचे दोन दिवस अबू धाबीच्या पश्चिमेला, मदिनत झायेदच्या एका पेट्रोल पंपावर तळ ठोकायचा. तिथून तासाभराच्या अंतरावर लिवा आहे. लिव्यात डोंगराएवढ्या वाळूच्या टेकड्या आहेत, आणि टेकडी दिसली की आपल्या माणसाला तिच्यावर गाडी घालावीशी वाटतेच.

वाळूत गाडी का रुतते हे दोन वाक्यांत सांगता येतं. टायर टणक असला की तो वाळू कापत खाली जातो. हवा पस्तीसवरून पंधरावर आणली की तो भाकरीसारखा पसरतो आणि वाळूच्या वरून चालतो. आणि चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. एवढंच. पण पाय काढणं हे मराठी माणसाला जमत नाही, कारण शेजारी बायको बसलेली असते आणि ती "मी सांगत होते" म्हणायच्या तयारीत असते. मग तो आणखी दाबतो, गाडी पोटावर बसते आणि मला फोन येतो.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. दुबईत अल मनखूलमध्ये एकत्र राहणारी पुण्याची चार पोरं भाड्याची छोटी कार घेऊन मोबाइलवरच्या नकाशाने दाखवलेल्या जवळच्या रस्त्याने गेली. तो रस्ता उंटांचा होता. एक साहेब गाडी उंच आहे म्हणजे फोर बाय फोर आहे असं समजून चालले होते. मी खाली वाकून त्यांना दाखवलं की मागच्या चाकांना इंजिनकडून काहीच जात नाही, तर ते शोरूमच्या माणसाला फोन लावून भांडायला लागले, आणि ते भांडण संपेपर्यंत मी गाडी काढून मोकळा झालो होतो. एका कुटुंबाने टायरची हवा अगदी शास्त्रशुद्ध काढली, मजा केली, आणि हवा परत न भरताच एकशे वीसच्या वेगाने घरी निघालं. सुदैवाने टायर फुटला तेव्हा रस्ता मोकळा होता. आणि जिकडे मीठ-चिखलाची सपाट जमीन आहे, जिला इकडे सबखा म्हणतात, तिथे वरचा पापुद्रा अंगणासारखा टणक दिसतो म्हणून लोक बिनधास्त गाडी घालतात. पापुद्र्याखाली चिखल असतो. सबखातून गाडी काढायची म्हणजे अर्धा दिवस गेला.

आता माझी चूक. फोन आला की मी तीन प्रश्न विचारायचो. लोकेशन पाठवा, किती जण आहात, पाणी आहे का. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं: "मी येईपर्यंत कुणालाही गाडीला हात लावू देऊ नका." हे वाक्य अनुभवातून आलं होतं. मदत करणारे भले लोक बंपरला दोर बांधतात आणि बंपर घेऊन जातात. एकदा तर तुटलेला हूक काच फोडून आत गेला होता, कुणाला लागला नाही हे नशीब. पण खरं सांगायचं तर गिऱ्हाईक हातचं जाऊ नये, हेही त्या वाक्यात होतंच. मी दीड तास गाडी मारत जायचं आणि तिथे पोचल्यावर कळायचं की कुणीतरी काढून दिली, असं पुष्कळदा झालं होतं.

जूनचा महिना होता. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला समीर नावाच्या गृहस्थांचा फोन आला. शारजात अल मजाजला राहणारे, नोकरी बँकेत. बरोबर बायको केतकी, नऊ वर्षांची मुलगी आणि श्रीवर्धनहून आलेली आई. जूनमध्ये लिव्याला कुणी जात नाही, पण आईंची नारळ-सुपारीची वाडी आहे, जन्म झाडांत गेलेला, आणि त्यांना खजुराचं झाड फळासकट बघायचं होतं. खजुराचे घोस रंगावर येतात ते याच उन्हात. रस्त्यावरून पलीकडे बाग दिसली, मध्ये थोडी वाळू होती, समीरने गाडी घातली आणि ती बसली. मी विचारलं, पाणी? "भरपूर आहे काका, दोन क्रेट." पेट्रोल? काटा खालच्या टोकाला आला होता, म्हणून एसी थांबवून थांबवून लावतोय, म्हणाला. मी सांगितलं, सावलीत बसा, गाडी सोडून चालत जाऊ नका, दीड तासात पोचतो. आणि माझं ते वाक्यही सांगितलं.

त्या वेळी मी गयाथी गावाच्या बाजूला सबखातून दुसऱ्याची गाडी ओढत होतो. ती निघता निघेना. दीड तासाचे अडीच तास झाले. मधे एकदा समीरला फोन केला. सगळे ठीक आहेत, आईला जरा डोळा लागलाय, म्हणाला. म्हातारं माणूस, प्रवासाने दमलं असेल, असं मला वाटलं.

दीडच्या पुढे पोचलो तेव्हा लांबूनच दिसलं की पांढऱ्या गाडीशेजारी एक जुनी पिकअप आडवी लावलेली आहे. तिच्या पाठीवर पाण्याची टाकी होती. पिकअपच्या लोखंडी कठड्याला ताडपत्रीची एक बाजू बांधली होती आणि दुसरी बाजू वाळूत खोचलेल्या दोन काठ्यांवर ताणली होती. ताडपत्रीखाली चटईवर आई पडल्या होत्या आणि केतकी ओढणीने वारा घालत होती. समीरच्या गाडीला दोराचं टोकसुद्धा लागलेलं नव्हतं. पलीकडे दहा-बारा पावलांवर, भर उन्हात, आमच्याकडे पाठ करून एक म्हातारा अरब मांडी घालून बसला होता.

समीरने सांगितलं, हे गृहस्थ मी फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत आले होते. दोर काढला, फावडं काढलं. समीरने दोन्ही हात हलवून "नो, थँक यू, रिकव्हरी कमिंग" म्हटलं. त्यांनी तीनदा विचारलं, समीर तीनदा नको म्हणाला. आपल्याला ती सवयच असते, उगाच कुणाला कशाला त्रास. त्यात माझी ताकीद. मग म्हाताऱ्याने वाद घातला नाही. आपली गाडी आडवी लावली, ताडपत्री बांधली, बायकामाणसं आहेत म्हणून पाठ करून बसले, आणि बसले ते बसलेच.

मी आईंच्या जवळ गेलो. "काकू, कसं वाटतंय?" त्यांनी डोळे उघडून माझं गाव विचारलं. मी सांगितलं. परत विचारलं. मी परत सांगितलं. हाताला हात लावला तर कातडी कोरडी आणि तापलेली, पंचेचाळीस अंशांत घामाचा टिपूस नाही. उष्माघाताची ही खूण मला माहीत होती आणि मी घाबरलो. उशाशी पाण्याची बाटली होती. उचलली तर तिचं सील तुटलेलं नव्हतं.

"यांनी पाणी कधी प्यायलं?" मी विचारलं. समीरने केतकीकडे पाहिलं, केतकीने समीरकडे. एकादशी आहे हे दोघांना माहीत होतं. पण त्यांच्या लेखी एकादशी म्हणजे साबुदाणा, आणि त्यासाठी डबाही भरून आणला होता. ही ज्येष्ठातली निर्जला, आदल्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही, हे आईंनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पोरांनी खजूर बघायला आणलं नसतं. दोन क्रेट पाणी गाडीत होतं आणि मी फोनवर पाणी आहे का एवढंच विचारलं होतं.

समीर हात जोडून विनवत होता. मुलगी रडत "आजी, प्लीज, जस्ट वन सिप" म्हणत होती. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं नाही मोडली रे. आता सकाळपर्यंतच तर." आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. मीही सांगून पाहिलं. पण मी कोण? गाडी ओढणारा. मी समीरला म्हटलं, गाडी राहू दे, यांना माझ्या पिकअपमध्ये घालू आणि दवाखाना गाठू. पण दवाखाना तासाच्या वर लांब होता आणि तेवढा वेळ आपल्या हातात आहे की नाही, हे मला कळत नव्हतं.

तेवढ्यात म्हाताऱ्याने तिकडे तोंड ठेवूनच मला हाक मारली. "सदीक, मा को क्या हुआ?" सदीक म्हणजे दोस्त. इथले जुने लोक कामापुरतं हिंदी बोलतात. मी सांगितलं, उपास आहे, पाणीही चालत नाही. ते उठले. वय पंचाहत्तरच्या पुढे असावं. ताडपत्रीच्या कडेला येऊन, काकूंकडे थेट न पाहता, वाळूकडे बघत बसले. हमद हा त्यांचा थोरला मुलगा, म्हणून सगळे त्यांना अबू हमद, म्हणजे हमदचे वडील, म्हणत, हे मला नंतर कळलं.

"मा को बोलो," ते मला म्हणाले, "सफर में सियाम नहीं. रमदान में भी नहीं. मुसाफिर खाता है, पानी पीता है. बाद में घर जाओ, एक दिन रखो, खलास."

मी ते काकूंना मराठीत सांगितलं. सियाम म्हणजे त्यांचे रोजे, काकू; रमजानचासुद्धा प्रवासात माफ असतो, घरी गेल्यावर तेवढा दिवस भरून द्यायचा. काकूंनी विचारलं, "हे स्वतः तसं करतात का, विचारा." मी विचारलं. म्हातारा म्हणाला, आयुष्य उंटांमागे फिरण्यात गेलं, किती दिवस सोडले आणि किती भरून दिले ते त्यालाच ठाऊक, असं म्हणून त्यांनी बोट वर केलं.

काकूंना ते पटलं. व्रत मोडायला त्यांची तयारी नव्हती, पण भरून देता येतं म्हटल्यावर गोष्ट वेगळी झाली. त्यांनी केतकीच्या आधाराने मान उचलली. समीरने घाईघाईने बाटली फोडून पुढे केली, तर त्यांनी ती हाताने बाजूला सारली. "ज्यांनी सांगितलं त्यांनी द्यावं," त्या म्हणाल्या. मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्यांनी आपल्या थर्मासातून वाटीत पाणी घेतलं आणि नजर खाली ठेवून काकूंच्या ओंजळीत धार धरली. श्रीवर्धनच्या सोवळ्यातल्या घरची ती बाई, एकादशीच्या दिवशी, तीर्थ घ्यावं तशी ते पाणी प्यायली. मी टायर बघायच्या निमित्ताने पलीकडे गेलो.

मग घोट घोट, साखर-मीठ घालून. ओलं फडकं मानेवर, माझ्या पिकअपचा एसी पुरा. म्हाताऱ्याने समीरची गाडी सात-आठ मिनिटांत बाहेर काढली. बंपरला ओरखडाही नाही. हूक कुठे लावायचा ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मदिनत झायेदच्या दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत काकूंना माझं गाव एकदा सांगून लक्षात राहायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. वेळ अकरा वाजताच होती आणि ती मी घालवली होती.

निघण्याआधी म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, यांना मदत नको म्हणायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, मी. त्यांनी ताडपत्री गुंडाळून टाकीशेजारी ठेवली आणि उंटांकडे गेले. त्या टाकीतलं पाणी सकाळीच उंटांना जायचं होतं. अडीच तास त्यांची जनावरं उन्हात वाट बघत होती आणि हे इकडे परक्यांकडे पाठ करून बसले होते.

पंधरवड्याने पुढची एकादशी आली आणि समीरचा फोन आला. आईने आज घरात, एसीत बसून निर्जला केली, सकाळी सोडेल, आणि तिचा एकच हट्ट आहे, त्या अरब बाबांना कळवा की दिवस भरून दिला. फोन नंबर कुणाकडे नव्हता. सुट्टीचा वार बघून मी स्वतः गेलो. अबू हमद उंटांच्या गोठ्यापाशी होते. मी निरोप सांगितला. त्यांचा चेहरा खुलला, त्यांनी देवाचे आभार मानले आणि मुलाला कॉफी आणायला सांगितली. मीही मोकळा झाल्यासारखा बसलो. मग ते माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "मा ने एक दिन लिया, वापस दिया. तुम दो घंटा लिया. कब वापस देगा?"

त्यांनी कॉफी ओतली, खजूर पुढे केले, आणि परत तो विषय काढला नाही. मी मान खाली घालून तीन वाट्या कॉफी प्यायलो. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून फोन आला की मी आधी विचारू लागलो, घरातल्या प्रत्येकाने शेवटचं पाणी किती वाजता प्यायलं? आणि लगेच दुसरा प्रश्न, तिथे कुणी थांबलंय का? थांबलं असेल तर त्याला नको म्हणू नका, तो काढतो म्हणाला तर काढू द्या, गाडी निघाली की मला येऊ नका म्हणून कळवा. माझे मालक चिडायचे. "तू धंदा करतोयस की सोशल वर्क?" मी म्हणायचो, साहेब, थोडी जुनी बाकी आहे. अर्ध्या वाटेतून पिकअप वळवून मी कितीदा पंपावर परत आलो, आणि दर वेळी वाटायचं, कुणीतरी उन्हातून वीस मिनिटं, अर्धा तास लवकर सुटलं.

मागच्या वर्षी किल्ली यार्डात जमा केली. या देशाने मला पोटाला दिलं, मुलीला शिकवलं, आणि साठीच्या उंबरठ्यावर माझं कामही मला नीट शिकवलं. ते दोन तास तर केव्हाच फिटले असतील. पण फिटले म्हणून मी अर्ध्या वाटेतून वळायचा थांबलो नाही.